आदल्या रात्रीचा जागर

दरवर्षी जानेवारीच्या उत्तरार्धात वॉशिंग्टनहून एक ठरावीक छायाचित्र येते. सर्वोच्च न्यायालयाच्या पांढऱ्या खांबांसमोर माणसांचा पूर, हातात फलक, एकाच रंगाच्या लोकरी टोप्या घातलेली शाळा-कॉलेजची मुले, मध्येच करड्या झग्यातले फ्रान्सिस्कन ब्रदर आणि निळ्या-पांढऱ्या वेशातल्या सिस्टर. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी आलीच तर आतल्या पानावर येते, बहुधा अमेरिकी निवडणुकीच्या बातमीला चिकटून. वाचणाऱ्याची समजूत होते की हा एका पक्षाचा मेळावा असावा, आणि तो पान उलटतो.

त्या छायाचित्रात आदली रात्र नसते. ‘मार्च फॉर लाइफ’ या गर्भपातविरोधी मोर्चातला कॅथलिकांचा वाटा समजून घ्यायचा असेल, तर दुपारचा रस्ता बाजूला ठेवून आदल्या रात्रीच्या देवळातून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. पुढील पानांत या मोर्चाविषयीची टिपणे आणि चिंतने आहेत. ती वाचताना हा क्रम ध्यानात राहावा, म्हणून प्रस्तावना जरा लांबली आहे.

वॉशिंग्टनच्या ईशान्य भागात ‘बॅसिलिका ऑफ द नॅशनल श्राइन ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन’ हे पवित्र मरियेला वाहिलेले भव्य चर्च आहे. 1920 मध्ये त्याची कोनशिला बसली, 1959 मध्ये वरच्या मोठ्या चर्चचे समर्पण झाले आणि मुख्य घुमटाचे मोझेइक पुरे व्हायला 2017 साल उजाडले. उत्तर अमेरिकेतले हे सर्वांत मोठे कॅथलिक चर्च. 1979 पासून मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी देशभरातले कॅथलिक इथे जमतात. संध्याकाळच्या मिस्साची प्रवेश-मिरवणूकच इतकी लांब असते की गायकवृंदाला गीतामागून गीत म्हणत राहावे लागते: आधी गुरुविद्यार्थी, मग डीकन, मग शेकडो धर्मगुरू, त्यांच्यामागून बिशप आणि शेवटी कार्डिनल. बाके केव्हाच भरून गेलेली असतात. उशिरा आलेली मुले संगमरवरी खांबांना पाठ टेकून फरशीवर बसतात, बाजूच्या लहान वेद्यांपुढे दाटीवाटीने उभी राहतात. बसमधून पंधरा-पंधरा, वीस-वीस तास प्रवास करून आलेली ही मुले. त्यांतली काही प्रवचन चालू असताना पेंगतात, आणि शेजारची सिस्टर त्यांना उठवत नाही.

मिस्सा आटोपली की गर्दी पांगते, तरी चर्च रिकामे होत नाही. पवित्र साक्रामेंत वेदीवर ठेवले जाते आणि रात्रभर आराधना चालते. जपमाळ होते, रात्रीची प्रार्थना होते. मग वेगवेगळ्या सेमिनरींचे विद्यार्थी अनेक वर्षे एकेका तासाची जबाबदारी घेत आले. कुणी टेक्ससचे, कुणी पेनसिल्व्हेनियाचे, कुणी नेब्रास्काचे. मध्यरात्र ते पहाट हे तास कुणाच्याच वाट्याला आनंदाने येत नसणार, तरी ते कधी मोकळे राहिले नाहीत. अनेक वर्षे शेजारच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकेने आपल्या व्यायामशाळेची फरशी या यात्रेकरूंसाठी मोकळी करून दिली आहे. शेकडो मुले तिथे स्लीपिंग बॅग अंथरून पडतात, पहाटे उठून पुन्हा मिस्साला येतात आणि मगच मोर्चाच्या मैदानाकडे निघतात. त्या रात्री घोषणा नसतात. वेदीवरून बोलतो तो धर्मगुरू. पक्षाच्या पुढाऱ्याला तिथे व्यासपीठ नसते. पापनिवेदनाच्या रांगेत कोण कशासाठी उभे आहे, हे कुणी कुणाला विचारत नाही. गर्भपाताच्या विषयावरच्या या सगळ्या गजबजाटात ती रांग मला सर्वांत बोलकी वाटते.

याच बॅसिलिकेच्या तळमजल्यावर वेलंकणी मातेची एक लहान वेदी आहे. भारतीय कॅथलिकांच्या पुढाकाराने ती 1997 मध्ये तिथे आली. सप्टेंबर आला की वसई-मुंबईकडचे भाविक तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ज्या साडीतल्या, कडेवर बाळ घेतलेल्या माउलीच्या दर्शनाला गाड्या भरभरून जातात, तीच ही. जागराच्या रात्री कुठल्याशा अमेरिकी सेमिनरीतले तरुण गुडघे टेकून असताना त्याच चर्चमध्ये ही आपली माउली असते. आपण या विषयाला पूर्णपणे परके नाही, एवढे मनात यायला तेवढे पुरते.

आता इतिहास. 22 जानेवारी 1973 रोजी ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताचा अधिकार संविधानात बसवला. त्या नऊ न्यायमूर्तींत कॅथलिक एकच होते, विल्यम ब्रेनन. ते बहुमताच्या बाजूने होते. ‘कॅथलिक म्हणजे अमुकच मत’ असा हिशेब मांडणाऱ्यांनी आरंभीच्या या तपशिलापाशी थोडे थांबावे. त्या काळातला विरोधही आजच्या साच्यात बसत नाही. कॅथलिक विरोधकांपैकी पुष्कळजण डेमोक्रॅटिक पक्षाचे, कामगार चळवळीतून आणि गरिबांसाठीच्या सरकारी योजनांच्या पाठिंब्यातून आलेले होते. उलट, आज या प्रश्नावर सर्वांत पुढे दिसणाऱ्या सदर्न बॅप्टिस्ट परिषदेने 1971 मध्ये काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा असावी असा ठराव केला होता. इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट मोठ्या संख्येने या चळवळीत उतरले ते 1970 च्या दशकाच्या अखेरीस. तोवर रस्त्यावरची माणसे, बस, कागदपत्रे, टपाल-खर्च हे बरेचसे कॅथलिक धर्मग्रामांतून येत होते.

मोर्चाची कल्पना ज्यांच्या घरात आकाराला आली त्या नेली ग्रे टेक्ससच्या. जन्म 1924. दुसऱ्या महायुद्धात महिला सैन्यदलात नोकरी, पुढे केंद्र सरकारच्या सेवेत वकील. प्रौढपणी त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. 1973 च्या ऑक्टोबरात कॅपिटॉलच्या जवळच असलेल्या त्यांच्या घरी थोडे लोक जमले. निकालाचे पहिले वर्षश्राद्ध कुणाचे लक्षही न जाता निघून जाऊ नये, एवढीच त्यांची काळजी होती. त्या बैठकीत ‘नाइट्स ऑफ कोलंबस’चे सदस्यही होते. ही कॅथलिक पुरुषांची संस्था 1882 मध्ये एका धर्मगुरूने स्थलांतरित कामगारांच्या विधवा-मुलांना आधार मिळावा म्हणून सुरू केली होती. 22 जानेवारी 1974 रोजी पहिला मोर्चा निघाला. तो एकदाच निघायचा होता. न्यायालय किंवा संसद चूक दुरुस्त करील आणि आपण घरी जाऊ, अशी निघणाऱ्यांची कल्पना होती. तो धरून नेली ग्रे यांनी 2012 पर्यंत सलग 39 मोर्चांचे नेतृत्व केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्याविषयी लिहिताना मला आदरही वाटतो आणि थोडी धास्तीही. कुठल्याही अपवादाला त्यांनी मान्यता दिली नाही, तडजोडीचा शब्द ऐकून घेतला नाही. चळवळीतल्याच अनेकांशी त्यामुळे त्यांचे खटके उडाले. संसदेतल्या प्रत्येक सदस्याला लाल गुलाब पाठवण्याची प्रथा सुरुवातीच्या मोर्चांपासूनची. गुलाब आणि ‘अपवाद नाही’ हा हट्ट एकाच बाईच्या स्वभावात नांदत होता. इतकी वर्षे थंडीत माणसे उभी करायला असा हट्ट लागतो, हे मी मान्य करतो. पण कायदा करायला बसलेल्या माणसाला आणि रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या डॉक्टरला तेवढ्यावर भागवता येत नाही, हेही तितकेच खरे.

चर्चनेही स्वतःची घडी बसवली. अमेरिकी बिशपांनी 1975 मध्ये या कामासाठी सविस्तर आराखडा स्वीकारला. 22 जानेवारी हा दिवस अमेरिकेतल्या धर्मप्रांतांसाठी अधिकृत उपासनाविधीतच प्रार्थनेचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस म्हणून नोंदला गेला. त्या दिवशी धर्मगुरू जीवनाच्या देणगीबद्दल कृतज्ञतेची पांढरी वस्त्रे घालू शकतो किंवा पश्चात्तापाची जांभळी. एकाच दिवशी दोन्ही रंग चालतात, याकडे बाहेरच्यांचे सहसा लक्ष जात नाही. 2013 पासून त्या तारखेच्या आसपास नऊ दिवसांची नोव्हेना देशभर केली जाते. घरात, शाळेत, बसच्या थांब्यावर मोबाइलमध्ये उघडून म्हणता येईल अशी. वॉशिंग्टनला जाऊ न शकणाऱ्या आजी-आजोबांचा मोर्चा तो हाच.

हे सगळे वाचून मराठी वाचकाला वारी आठवेल. साम्य दिसते खरे, पण मी ती तुलना ताणणार नाही. वारकऱ्याला पंढरपुरात पोचून कुणा न्यायाधीशाकडे काही मागायचे नसते. इथे मागणी आहे, विरोध आहे, आणि समोरच्या पदपथावर नेमकी उलट मागणी करणारी, तितक्याच कळकळीची माणसे उभी आहेत.

2016 च्या मोर्चाची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या दिवशी, 22 जानेवारीलाच, वॉशिंग्टनवर प्रचंड हिमवादळ येऊन आदळले. मोर्चा निघाला, पण परतणाऱ्या अनेक बस पेनसिल्व्हेनियाच्या महामार्गावर बर्फात रुतल्या. पुढे ट्रक आडवे झालेले, मागे मैलोगणती वाहने. मध्य-पश्चिमेकडच्या धर्मप्रांतांतून आलेली शेकडो विद्यार्थी मंडळी जवळजवळ एक पूर्ण दिवस तिथे अडकून पडली. शनिवारी सकाळी मुलांनी रस्त्याच्या कडेच्या उतारावर हातांनी बर्फ रचला, थापून चौकोनी केला आणि त्याची वेदी बनवली. निरनिराळ्या बसमधले धर्मगुरू एकत्र आले. गुडघाभर बर्फात उभ्या असलेल्या मुलांनी मिस्सा ऐकली. पुढल्या-मागल्या बसमधून उतरून ओळख नसलेले गटही येऊन मिळाले. मैदानातली भाषणे त्या वर्षी कोणी केली, हे आज कुणाच्या फारसे लक्षात नसेल. ती वेदी लक्षात राहिली. मोर्चात राजकारण किती आणि उपासना किती, असा प्रश्न मला कुणी केला तर मी त्याला आधी हे छायाचित्र दाखवीन.

पण राजकारण आहे, आणि ते वाढत गेले आहे. रोनाल्ड रेगन मोर्चाशी दूरध्वनीवरून बोलत. 2017 मध्ये माइक पेन्स प्रत्यक्ष मैदानात येणारे पहिले उपराष्ट्राध्यक्ष ठरले. 24 जानेवारी 2020 रोजी डोनाल्ड ट्रम्प हे तिथे भाषण करणारे पहिले पदावरचे राष्ट्राध्यक्ष. 2025 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स आले, जे स्वतः 2019 मध्ये कॅथलिक झाले आहेत. मैदानातल्या मुलांना याचा आनंद झाला असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. सत्तेने इतकी वर्षे मान फिरवल्यावर कुणीतरी समोर येऊन बोलते, याचे समाधान समजण्यासारखे आहे. तरी मला त्यात धोका दिसतो. ज्या व्यासपीठावरून गर्भातल्या बाळाच्या प्रतिष्ठेविषयी बोलायचे, त्याच व्यासपीठावरच्या पाहुण्याचे स्थलांतरितांच्या मुलांविषयीचे धोरण काय, फाशीविषयीचे मत काय, हे विचारण्याची सोय मग उरत नाही. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी 1983 मध्ये फोर्डहॅम विद्यापीठातल्या व्याख्यानात नेमके हेच सांगितले होते: गर्भ, युद्ध, फाशी, गरिबी या सगळ्यांना एकाच धाग्याने बांधणारी जीवनाची नीती हवी. त्यांच्यावर टीका झाली की यामुळे गर्भपाताचा मुद्दा पातळ होतो. पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला, आणि पोप लिओ चौदावे यांनी 2025 च्या सप्टेंबरात, गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा असणारा माणूस खऱ्या अर्थाने जीवनाच्या बाजूचा नाही, अशा आशयाचे उत्तर पत्रकारांना दिले. बर्नार्डिन यांचा धागा चार दशकांनंतर असा थेट रोममधून पुन्हा वर आला आहे.

आणि घरातच मतभेद आहेत. प्यू संशोधन केंद्राच्या पाहण्यांत दहापैकी सुमारे सहा अमेरिकी कॅथलिक गर्भपात सर्व किंवा बहुतेक बाबतींत कायदेशीर असावा असे म्हणतात. 20 जानेवारी 2022 च्या रात्री, आत जागर चालू असताना, गर्भपाताच्या अधिकाराचा पुरस्कार करणाऱ्या एका कॅथलिक गटाने बॅसिलिकेच्या दर्शनी भिंतीवर प्रकाशझोताने आपली घोषवाक्ये उमटवली. वॉशिंग्टनचे कार्डिनल विल्टन ग्रेगरी यांनी कडक शब्दांत निषेध केला. मलाही तो प्रकार रुचला नाही; गुडघे टेकलेल्या माणसांच्या पाठीवर घोषणा लिहू नयेत. मात्र ज्यांनी तो झोत टाकला तेही स्वतःला याच चर्चचे लेक-लेकी म्हणवतात, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

या चळवळीच्या इतिहासात याहून फार काळे दिवस आहेत. 1980 च्या दशकात क्लिनिकची दारे अडवण्याची आंदोलने झाली, 1990 च्या दशकात डॉक्टरांचे खून पडले. 30 डिसेंबर 1994 रोजी बॉस्टनजवळ ब्रूकलाइन इथे एका बंदूकधाऱ्याने दोन क्लिनिकमध्ये गोळीबार केला. दोन्ही ठिकाणी स्वागतकक्षात काम करणाऱ्या दोन तरुणी ठार झाल्या. बॉस्टनच्या कार्डिनलांनी क्लिनिकबाहेरची प्रार्थनासत्रे थांबवण्याचे आवाहन केले. प्रार्थना करणाऱ्यांपैकी काहींना ते पटले नाही: खून आम्ही केला का, मग प्रार्थना का थांबवायची? मला वाटते, थांबवणे योग्य होते. समोरच्याला भीती वाटत असताना आपली जपमाळ त्याच्या कानावर धमकी म्हणूनच पडते.

त्यानंतर बॉस्टनमध्ये जे घडले ते फारसे कुणाला माहीत नाही. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन नेत्या, अशा सहा स्त्रिया गुप्तपणे भेटू लागल्या. मध्यस्थ होते, नियम होते, एकमेकींचे मन वळवण्याला बंदी होती. एकमेकींना काय म्हणायचे, गर्भातल्या जिवाला काय म्हणायचे, यावरच पहिल्या बैठकी अडल्या. साडेपाच वर्षांहून अधिक काळ त्या भेटत राहिल्या आणि 2001 च्या जानेवारीत सहाजणींनी मिळून ‘बॉस्टन ग्लोब’मध्ये लेख लिहून हे जाहीर केले. मत एकीचेही बदलले नव्हते. उलट प्रत्येकीचे मत अधिक स्पष्ट झाले होते. पण चिथावणीची भाषा त्यांनी आपापल्या संघटनांतून काढून टाकली होती, आणि धोक्याची कुणकुण लागली तर एकमेकींना सावध केले होते. या चळवळीच्या कुठल्याही इतिहासात मोर्चाच्या आकड्यांआधी या सहाजणींना जागा मिळायला हवी. आकडे तसेही वादाचेच आहेत. 1995 नंतर सरकारी उद्यान विभागाने अशा गर्दीची मोजदाद करणेच सोडून दिले.

24 जून 2022 रोजी ‘डॉब्ज’ खटल्याच्या निकालाने ‘रो’ रद्द झाला. त्या दिवशी कॅथलिक पंचांगात येशूच्या पवित्र हृदयाचा सण होता, आणि अनेकांनी तो योगायोग मानला नाही. जवळपास अर्धशतक ज्यासाठी बस भरून येत होत्या ते मिळाले. आता मोर्चा कशाला? 2023 च्या जानेवारीत तो तरीही निघाला. प्रश्न न्यायालयाकडून पन्नास राज्यांकडे गेला होता, आणि राज्यांत लोकांनी मतदान केले तेव्हा निकाल चळवळीच्या विरोधात जाऊ लागले. कॅन्ससमध्ये ऑगस्ट 2022 मध्ये, जिथे कॅथलिक धर्मप्रांताने पैसा आणि मनुष्यबळ ओतले होते, 59 टक्के मतदारांनी गर्भपातविरोधी घटनादुरुस्ती फेटाळली. नोव्हेंबर 2023 मध्ये ओहायोने गर्भपाताचा अधिकार राज्यघटनेत घातला. 2023 मध्ये देशातले सुमारे 63 टक्के गर्भपात गोळ्यांनी झाले. म्हणजे ज्या दारासमोर उभे राहून प्रार्थना करायची ते दारच आता पुष्कळदा उरलेले नाही. कायदा जिंकून लोकमत हरणे, ही अवस्था या चळवळीने पूर्वी पाहिलेली नव्हती.

माझ्या मते या पराभवाचे एक कारण उघड आहे. अमेरिकेत बाळंतिणीला पगारी रजा देणारा राष्ट्रीय कायदा आजही नाही. 1993 च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि सगळ्यांना नाही. आपल्याकडे, निदान संघटित क्षेत्रात, 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. जी बाई दोन नोकऱ्या करून भाडे भरते तिला ‘बाळ ठेव’ सांगणाऱ्याने पुढचे सहा महिने कसे जातील याचेही उत्तर द्यायला हवे. ते देणारी माणसे चर्चमध्ये आहेत आणि होती. 1984 मध्ये मिलवॉकीत सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट रेचल’ने गर्भपात झालेल्या स्त्रियांना दोष न देता जवळ घेतले. न्यूयॉर्कच्या कार्डिनल ओकॉनर यांनी 1991 मध्ये स्थापन केलेल्या ‘सिस्टर्स ऑफ लाइफ’ नेहमीच्या तीन व्रतांखेरीज जीवनरक्षणाचे चौथे व्रत घेतात आणि अडचणीतल्या गर्भवतींना आपल्या मठात राहायला ठेवतात. 2020 च्या मार्चमध्ये बिशपांनी प्रत्येक धर्मग्रामाला, तुमच्या हद्दीतल्या गर्भवतीला दवाखाना, घर, पाळणाघर, कपडे कुठे मिळतील याची यादी करा, असे सांगणारा उपक्रम सुरू केला. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला. या कामांना कॅमेरे नसतात. व्यासपीठावरून त्यांचा उल्लेख होतो, पण कायदे मागताना ती मागे राहतात, ही माझी तक्रार आहे आणि ती मी मोर्चाच्या बाजूने उभा राहूनच करतो आहे.

भारताकडे वळताना सूर बदलावा लागतो. इथे गर्भपाताचा कायदा न्यायालयाने दिला नाही. शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर संसदेने तो 1971 मध्ये केला, आणि त्यामागे चोरूनमारून होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या बायकांची चिंता होती. 2021 च्या दुरुस्तीने काही प्रवर्गांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत गेली. कॅथलिक चर्चचा विरोध पहिल्यापासून होता, पण रस्त्यावर यायला त्याला अर्धशतक लागले: 10 ऑगस्ट 2022 रोजी, कायद्याच्या तारखेलाच, दिल्लीत राष्ट्रीय मोर्चा निघाला आणि 2024 मध्ये तो थ्रिसूरला निघाला. त्याआधी कितीतरी वर्षे भारतातून या विषयावर जगाशी बोलल्या त्या मदर तेरेसा. 1979 मध्ये ओस्लोत नोबेल स्वीकारताना आणि 3 फेब्रुवारी 1994 रोजी वॉशिंग्टनच्या प्रार्थना-न्याहारीत, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन शेजारी बसलेले असताना, त्यांनी गर्भपात हा शांतीचा सर्वांत मोठा शत्रू असल्याचे सांगितले. नको असलेले मूल माझ्याकडे द्या, असेही त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या सिस्टर खरोखरच अशी मुले घेत होत्या. म्हणून ते शब्द सभागृहाला ऐकून घ्यावे लागले.

महाराष्ट्राचा अनुभव आणखी वेगळा. गर्भलिंगचाचणीविरुद्धचा लढा इथे चर्चने नाही, स्त्री-संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी लढवला. 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, 1994 मध्ये केंद्राने केला, आणि तरीही 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली उरल्या. त्या कार्यकर्त्यांनी मुलगी म्हणून गर्भ पाडण्याला विरोध केला आणि बाईचा गर्भपाताचा हक्कही जपला. कॅथलिक शिकवण तिथे त्यांच्यापासून वेगळी होते. ती प्रत्येक गर्भाविषयी बोलते. हा फरक मी झाकणार नाही. पण बीडच्या त्या आकड्यापुढे दोघांनाही सारखेच अस्वस्थ वाटते, आणि मराठी कॅथलिकाने या विषयावर बोलताना त्यांचे ऋण आधी मान्य करावे.

आणि बेळगावचे नाव. सविता हलप्पनवार मूळच्या तिथल्या, दंतवैद्य, वय 31, आयर्लंडमध्ये राहणाऱ्या. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे ठरले होते, त्यांनी गर्भपाताची विनंती केली, ती नाकारली गेली, जंतुसंसर्ग पसरला आणि 28 ऑक्टोबर 2012 रोजी गॉलवेत त्यांचा मृत्यू झाला. आयर्लंडच्या बिशपांनी त्यानंतर निवेदन काढले की आईच्या जिवापेक्षा बाळाचा जीव मोठा, असे चर्चने कधीच शिकवलेले नाही आणि आईला वाचवणारे उपचार देताना बाळ दगावले तर ते शिकवणीविरुद्ध नाही. निवेदन बरोबर होते. पण शिकवण आणि खाटेपाशी उभ्या डॉक्टरला कायद्याची वाटणारी भीती यांत केवढे अंतर पडले होते, हे एका तरुण बाईच्या मरणानंतर कळले. 2018 मध्ये आयर्लंडच्या जनतेने 66 टक्क्यांहून अधिक मतांनी गर्भपाताला आडवी येणारी घटनादुरुस्ती काढून टाकली. ‘डॉब्ज’नंतर अमेरिकेच्या काही राज्यांतले डॉक्टर त्याच भीतीविषयी बोलत आहेत. मोर्चाच्या आयोजकांनी कायद्याचा मसुदा मागताना त्यांना शेजारी बसवावे, आणि जागराच्या रात्री ज्यांच्यासाठी प्रार्थना होते त्यांत सविताचे नाव घ्यावे.

मोर्चाच्या शेवटी, न्यायालयाच्या पायऱ्यांसमोर, दरवर्षी काही स्त्रिया, आणि त्यांच्यासोबत थोडे पुरुष, उभे राहतात. त्या स्त्रियांच्या हातातल्या काळ्या फलकांवर एकच मजकूर असतो: मला माझ्या गर्भपाताचा पश्चात्ताप आहे. मग एकेकजण ध्वनिक्षेपकासमोर येऊन आपले बोलतो. तोवर पुढारी निघून गेलेले असतात, बऱ्याच बस सुटलेल्या असतात, थंडीने माणसे गारठलेली असतात. सगळ्याच स्त्रियांना असा पश्चात्ताप होतो असे मी म्हणणार नाही. होत नाही, आणि तसे सांगणाऱ्याही पुष्कळ आहेत. पण ज्यांना होतो त्यांना हे बोलायला दुसरी जागा मिळत नाही. पुढील पाने उघडणाऱ्याने, शक्य झाल्यास, जागराच्या टिपणांनंतर थेट त्यांच्याविषयीची टिपणे वाचावीत आणि भाषणांचा भाग मग पाहावा.